साथीला कान द्या

जॅझमध्ये चाल कुठे आहे तेच सापडत नाही, असं म्हणणारे रत्नागिरीत मला नेहमी भेटतात. त्यातले बरेच जण भजनात टाळ धरून वाढलेले. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा महोत्सव भरतो, तेव्हा समेवर यांची मान बरोबर हलते. इतका तयार कान असूनही जॅझ परका वाटावा, याचं मला वाईट वाटतं. माझ्या मते अडचण एवढीच, की आपण फक्त पुढे बसलेल्याला ऐकतो.

पेटीवादक गोविंदराव पटवर्धन आपल्याच जिल्ह्यातले, गुहागर तालुक्यातल्या अडूरचे. कुमार गंधर्व किंवा छोटा गंधर्वांची त्यांनी साथ केलेली मैफल लावा आणि एकदा केवळ पेटी ऐका. गायकाची जागा ते कशी उचलतात, कुठे नुसता सूर धरून थांबतात. ओळखीचंच गाणं, पण किती नवं वाटतं!

मग माइल्स डेव्हिसच्या 1959च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधली पहिली रचना, 'सो व्हॉट', लावा. ट्रम्पेट तूर्त सोडा, पॉल चेंबर्सचा डबल बास धरा. चाल तोच मांडतो, बाकीचे त्याला हुंकार देतात. रचनेची चौकट त्रितालाच्या आठ आवर्तनांएवढी; ती झाली, की पुन्हा पहिल्यापासून. त्यातली चार पांढरी दोनवर, दोन काळी दोनवर, शेवटची दोन परत पांढरी दोनवर. सूर काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल. राग मात्र शोधू नका, चलन निराळं आहे. घरात पेटी असेल तर षड्ज धरून पट्टी बदलते तो क्षण पकडा. आवर्तनं बोटांवर मोजता आली, की त्याच चौकटीत डेव्हिस केवढी मोकळी जागा ठेवतो आणि पाठोपाठ सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन ती कशी भरून काढतो, हे लख्ख ऐकू येतं.

आणि जॅझ आपल्या घरात फार पूर्वीच आला आहे. संगीतकार सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' चित्रपटात (1951) गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आहे, पडद्यावरही दिसतो. लताबाई आणि चितळकरांचे, म्हणजे खुद्द रामचंद्रांचे, आवाज घडीभर मागे ठेवून ती गाणी ऐका.

आपल्या गावच्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. साथीदारांची नावं शेवटी घाईघाईत वाचू नका. वर्षातून एक संध्याकाळ त्यांनाच द्या: आधी ठेका समजावून सांगू द्या, मग वाजवू द्या.