तळटीप कोणाची?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांच्या हाती आले. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतील इंग्रजी एकाएकी निर्दोष होऊ लागल्याचे अनेक प्राध्यापक सांगतात. याबद्दल आनंद मानावा की चिंता करावी, हे मात्र त्यांना ठरविता आलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधनाची जोड दिल्यामुळे हा प्रश्न आता पीएच.डी.पुरताही राहिलेला नाही. एकविशीतल्या मुलाने प्रबंध लिहावयाचा आहे, आणि तो लिहून देण्यास एक यंत्र अहोरात्र तत्पर आहे. बंदीचा हुकूम काढून हे थांबेल असे ज्यांना वाटते, त्यांनी बाजारातील 'गाइडे' कोणत्या हुकुमाने बंद झाली ते आम्हांस सांगावे.

हे यंत्र काय करते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. अफाट मजकुरावर पोसलेले हे यंत्र एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अदमास बांधते. शोभणारे आणि खरे यांतील भेद ओळखण्याची जबाबदारी त्याने कधी पत्करलेली नाही. त्यामुळे ग्रंथाचे नाव, लेखक, वर्ष, पृष्ठांक असा सर्व जामानिमा असलेला, पण अस्तित्वातच नसलेला संदर्भ ते बेधडक पुढे करते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी असे कपोलकल्पित निवाडे दाखल केले आणि २०२३ च्या जूनमध्ये ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. तेथे निदान प्रतिपक्षाचा वकील निवाडे शोधावयास निघाला होता. आपल्याकडे प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची उघडून पाहणारा प्रतिपक्ष कोण?

महाराष्ट्रात तरी तळटीपेचे मोल नव्याने सांगावे लागू नये. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी उतरविली, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. 'हा कागद मी स्वतः पाहिला आहे', एवढेच तळटीप म्हणत असते. आणि तेवढे म्हणता यावे म्हणून या माणसांनी हयाती वेचल्या. पुण्याच्या पेशवे दप्तरातील बहुतांश रुमाल आजही छापील रूपात आलेले नाहीत. जे छापलेच गेले नाही ते यंत्राने वाचले असण्याचा संभव नाही. तरीही एखाद्या परगण्याच्या वसुलाविषयी त्यास विचारा, उत्तर येईल, आणि तेही सफाईदार!

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक नियम २०१८ चे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य, साठांच्या वर गेल्यास संशोधकाची नोंदणी रद्द, अशी त्यांची चढती भाजणी आहे. हे नियम नकलेसाठी केलेले आहेत. यंत्र मात्र सहसा कोणा एकाची नक्कल करीत नाही; प्रत्येक वाक्य ते नव्याने जुळविते. तेव्हा ज्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही त्याचा प्रबंध या चाळणीतून सुखरूप पार पडावा, आणि ज्याने प्रामाणिकपणे पुष्कळ अवतरणे दिली त्याची मात्र चौकशी व्हावी, असा उलटा न्याय होऊ शकतो.

यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या यंत्रांवर भिस्त ठेवणे तर अधिकच धोक्याचे. चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ओपनएआयनेच आपले असे साधन अचूकतेअभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांचे स्वतः लिहिलेले निबंधही ही साधने यंत्राचे म्हणून दाखवितात, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्याच वर्षी आढळले. बीडच्या वा गडचिरोलीच्या मुलाने कष्टाने शिकलेल्या साध्या इंग्रजीवर यंत्राने चोरीचा आळ घ्यावा आणि समितीने माना डोलवाव्यात, हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

याच मुलास हे यंत्र उपकारकही आहे. दुर्बोध इंग्रजी लेखाचा आशय मराठीत समजून घेणे, व्याकरण तपासणे, आकडेमोडीची आज्ञावली लिहिण्यास मदत घेणे, यांत आम्हांस पाप दिसत नाही. मात्र मदत कोठे घेतली ते प्रबंधात स्पष्ट लिहावे. यंत्रास लेखक मानता येणार नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही, असे प्रकाशननीतीची आंतरराष्ट्रीय समिती 'कोप' हिने २०२३ च्या फेब्रुवारीतच सांगितले आहे. आणि खेड्यातल्या एखाद्या बाईने विश्वासाने सांगितलेली हकीकत, तिच्या नावागावासकट, तिला न विचारता परक्या कंपनीच्या यंत्रात ओतण्याचा अधिकार कोणाही संशोधकास नाही.

खरी कसोटी समोरासमोरच लागावयाची. मार्गदर्शकाने सूचीतील कोणतेही पाच संदर्भ निवडावेत, ती पाने विद्यार्थ्याकडून मागवावीत आणि त्यांवर अर्धा तास प्रश्न विचारावेत. ज्यांनी वर्गात वह्या तपासल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, लिहिणारा आणि उतरविणारा यांतला फरक तिसऱ्या प्रश्नास कळतो. परंतु असे विचारणारा शिक्षक जागेवर असावा लागतो. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर विभाग चालविणाऱ्या सरकारने, संशोधनाची ही चौथी वर्षे तपासणार कोण, याचे उत्तर पहिला प्रबंध दाखल होण्यापूर्वी द्यावे.