मावळच्या पावसात मराठी कादंबरी

लोणावळ्यासारख्या गावी ग्रंथसंग्रह राखणे किती कष्टाचे असते, हे ज्याचे पुस्तकांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे त्यालाच ठाऊक. आषाढ लागला की धुके खिडकीतून थेट माजघरात येते, बांधणीची खळ सुटते, पुठ्ठे वाकतात, पानांच्या कडांवर करडी बुरशी चढते. आणि डांबराच्या गोळ्यांची व कडुनिंबाच्या पाल्याची कितीही तजवीज केली, तरी आश्विनात कपाट उघडावे तो कसरीने आपले काम उरकलेले असते. त्यामुळे ई-रीडर आला की ग्रंथसंस्कृती बुडाली, हा पुण्यामुंबईच्या कोरड्या दिवाणखान्यांतून होणारा आक्षेप मला मान्य नाही. ई-रीडरच्या पडद्यात सूक्ष्म कुप्यांतले काळेपांढरे कण विद्युत्प्रभावाने हलून अक्षर उमटते, व एकदा उमटलेले अक्षर टिकविण्यास पुन्हा वीज लागत नाही. म्हणून घाटमाथ्यावरच्या वादळात दिवसभर दिवे गेले तरी वाचन खंडित होत नाही. शिवाय अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ही वृद्ध दृष्टीला मिळालेली केवढी मोठी सवलत!

माझी तक्रार यंत्राविषयी नाही, त्यात मराठी कादंबरी ज्या अवस्थेत येते तिच्याविषयी आहे. यंदाच्या पावसाळ्यात कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणाने उठविलेल्या माणसांची आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशीची आहे, आणि ज्या तालुक्यात पवना धरणग्रस्तांचे पुनर्वसनाचे अर्ज दशकानुदशके सरकारी दफ्तरांतून फिरत राहिले, तेथील वाचकाला ती परक्या मुलखाची वाटणे शक्यच नाही. जनावराच्या नजरेतून माणसाचे उपरेपण दाखविण्याचे जे सामर्थ्य तिच्यात आहे, ते अलीकडच्या मराठी कथावाङ्मयात मला क्वचितच आढळले. त्यानंतर गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ पुन्हा हाती घेतला. तळेगाव दाभाड्यास राहून गोनीदांनी राजमाचीचे रान जसे पाहिले तसे पाहणारा दुसरा कादंबरीकार या मुलखाला लाभला नाही. ही दोन्ही पुस्तके मी छापील प्रतींतच वाचली, आणि ‘बुधा’ची माझी प्रत आता आणखी किती पावसाळे काढील याची शाश्वती नाही.

किंडलवर २०१६ च्या अखेरीस मराठी पुस्तके आली, बुकगंगेने ई-पुस्तकांची स्वतंत्र पेठ उभारली, ई-साहित्य प्रतिष्ठानाने विनामूल्य ग्रंथ घरोघर पोहोचविले. हे सारे उपकारक आहे. परंतु आजही पुष्कळदा ई-पुस्तक म्हणून हाती पडते ते छापील पानाचे छायाचित्र. सहा इंची पडद्यावर त्यातली ओळ मुंगीएवढी दिसते, आणि मोठी करावी तर तिचा उजवा अर्धा भाग चौकटीबाहेर जातो. जुन्या संगणकीय टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना तपासनीस नेमला नाही, तर जोडाक्षरे फुटतात व ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते. सह्याद्रीतल्या कादंबरीत असा दोष पानोपानी दिसू लागला, तर वाचकाने काय करावे? मुद्रितशोधनाचा खर्च छापील आवृत्तीवर करणाऱ्या प्रकाशकाने तो ई-आवृत्तीवरही करावा, इतकी साधी माझी मागणी आहे.

दुसरी अडचण हक्कांची आहे. आपल्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क अबाधित राहतो. म्हणून साने गुरुजी आज सर्वांना मुक्त आहेत, तर १९९८ साली निवर्तलेले गोनीदा २०५८ च्या अखेरपर्यंत मुक्त होणार नाहीत. लेखकाच्या वारसांचा तो न्याय्य अधिकार आहे आणि त्याला माझी हरकत नाही. मात्र १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांना, योग्य मोबदला देऊन, ई-प्रत मुदतीने वाचकास देण्याची मुभा प्रकाशकांनी द्यावी, व शासनाने त्यासाठी अनुदानात वेगळी तरतूद करावी. पावसाळ्यात वाट बंद पडणाऱ्या पवनेकाठच्या वाडीत गोनीदांचा ‘पवनाकाठचा धोंडी’ पोहोचविण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.