फोनवरची घाई आणि जहाजावरची सहल



नालासोपारा पूर्वेच्या एका भगिनीने यावेळी वेगळाच प्रश्न पाठवला आहे. त्यांचे पती सेवानिवृत्त झाले, मुले मार्गी लागली. आयुष्यभर गावी जाण्यापलीकडे प्रवास झाला नाही, म्हणून दोघांनी ठरवले, की एकदा मोठ्या जहाजातून चार दिवसांची सहल करायची, तीही चांगल्या, बाल्कनीच्या खोलीतून. मुलाने संगणकावर दोन-तीन ठिकाणी चौकशी केली आणि आईचा नंबर दिला. तेव्हापासून फोन थांबत नाहीत. स्वयंपाक चालू असताना फोन, विहारात वंदनेला बसल्यावर फोन, दुपारी डोळा लागला की फोन. 'आज रात्री बारापर्यंतच हा भाव आहे, मॅडम.' 'शेवटच्या दोन खोल्या उरल्या आहेत.' भगिनी लिहितात, 'आता सहलही नको वाटते. पण फोन करणारी मुलगी इतकी गोड बोलते, की नाही म्हणायला जीभ वळत नाही.'

प्रथम सहलीबद्दल बोलू. असला खर्च आपल्या माणसांनी करावा का, असे काहींना वाटेल. का करू नये? आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे रत्नागिरी जिल्ह्यातून कोकण बोटीने मुंबईला आले, डेकवर वळकटी टाकून, शिदोरी सोडून. त्यांच्या नातवंडांनी समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत चार दिवस बसावे, यात गैर ते काय? तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने मिळवलेले जवळ असणे हे एक. ते उपभोगणे व त्यातून दान करणे हे दुसरे. कोणाचे ऋण नसणे हे तिसरे, आणि निर्दोष आचरण हे चौथे. उपभोगालाही तिथे जागा आहे, हे आपण विसरतो. मात्र तिसरे सुख मोडून दुसरे घेता येत नाही, हेही त्यातच आले.

आता फोनची गोष्ट. हे फोन येतात कसे, हे समजले की अर्धी भीती जाते. सहल कंपनीच्या पानावर चौकशीचा अर्ज भरताना खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते आणि तिच्यापुढे खूण केलेली असते. तिचा अर्थ असा, की आम्ही तुम्हाला फोन करू शकतो, आमचे सहकारीही करू शकतात. मॉलमध्ये बक्षिसाच्या पेटीत चिठ्ठी टाकता, प्रदर्शनात वहीत नाव लिहिता, तिथूनही नंबर पुढे जातो. म्हणून चौकशी जरूर करावी, पण ती खूण काढून टाकावी आणि शक्यतो लेखी उत्तर मागावे.

फोनवरच्या बोलण्याचेही ठरलेले टप्पे असतात. आधी तुमचे कौतुक. मग 'तुमच्यासाठी खास' भाव. मग घाई. तुम्ही कचरलात, की फोन 'वरिष्ठ साहेबांकडे' जातो आणि साहेब आणखी थोडी सूट देतात. शेवटी, 'आता फक्त पाच हजार भरून ठेवा, नंतर रद्द करता येईल.' ही रक्कम परत मिळेल की नाही, हे मात्र फोनवर कोणी स्पष्ट सांगत नाही. काही वेळा निमंत्रण येते : 'तुमचा नंबर निवडला गेला आहे, रविवारी पती-पत्नी दोघांनी हॉटेलात या, भेटवस्तू न्या.' तिथे दोन-तीन तास बसवून वर्षानुवर्षांच्या सभासदत्वाचे कागद पुढे करतात. जोडीनेच या असा आग्रह एवढ्यासाठी, की 'घरी विचारून सांगतो' ही सबब उरू नये.

या साऱ्यात सर्वांत धारदार हत्यार कोणते? भाव नव्हे, सूट नव्हे. 'मॅडम, एवढे तर आजकाल सगळेच खर्च करतात', हे वाक्य. हे वाक्य आपल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त लागते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना 'तुमची ऐपत काय' असे विचारले गेले, त्यांना कोणी ऐपतीवर बोट ठेवले की ऐपत दाखवावीशी वाटते. फोनवरच्या मुलीला तुमचा इतिहास ठाऊक नसतो, पण दुखरी जागा कुठे असते हे तिला शिकवलेले असते. तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपला स्वाभिमान आपण कोणाकडून विकत घेतलेला नाही, म्हणून तो फोनवर सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. 'आम्हाला परवडत नाही' म्हणायला लाजू नये, आणि परवडत असूनही 'आम्हाला नको' म्हणायला तर मुळीच लाजू नये.

नाही कसे म्हणावे? थोडक्यात आणि कारण न देता. कारण दिले की त्याला उत्तर तयार असते. 'पैसे नाहीत' म्हटले की हप्ते पुढे येतात, 'वेळ नाही' म्हटले की पुढची तारीख येते. एवढेच म्हणा : 'बाळ, मी फोनवर काही ठरवत नाही. भाव आणि अटी लेखी पाठव. माझा नंबर यादीतून काढ. जयभीम.' आणि फोन ठेवा. खोटे सांगण्याचीही गरज नाही. 'आम्ही गावी आहोत', 'हे घरी नाहीत' असे म्हणून चौथे शील कशाला मोडायचे? खरे सांगणे इथे सोपेही आहे आणि पुरेसेही.

'बाळ' म्हणा असे मी मुद्दाम लिहिले. पलीकडे कोण बसले आहे? सकाळची विरार लोकल पकडून अंधेरीला, मालाडला जाणारी आपल्याच वस्त्यांतली मुले-मुली. दिवसाला ठरावीक फोन, महिन्याला ठरावीक विक्री, नाहीतर पगाराला कात्री. त्यांना शिव्या देऊन काय होणार? मैत्रीभावना ठेवा, पण मैत्रीपोटी पैसे भरू नका. तिची नोकरी टिकावी म्हणून तुमचा फंड मोडणे ही करुणा नव्हे. आणि ज्यांची मुले या धंद्यात आहेत त्या पालकांनीही विचारावे, की बाळा, तू जे सांगतोस ते खरे असते ना? सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका ही आर्य अष्टांगिक मार्गाची अंगे फोनच्या टेबलावरही लागू आहेत.

कायद्याचाही आधार आहे. तीन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पहिला १९०९. त्यावर फोन करून जाहिरातीचे फोन व संदेश बंद करण्यासाठी नाव नोंदवता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मोबाइलवरचे अॅपही आहे. नोंदणीनंतरही फोन आला तर तक्रार करता येते. २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्रीचा फोन आला, तर तो नियमाबाहेरचा समजा आणि नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा. आपण स्वतः चौकशी केलेल्या कंपनीला मात्र 'माझी संमती मागे घेतली' असे वेगळे लेखी कळवावे, कारण आपल्या परवानगीचा दाखला ती देऊ शकते.

दुसरा १९१५, राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा. भेटवस्तू देऊ म्हणून न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. याच कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आणि 'शेवटच्या दोन खोल्या' ही खोटी घाई? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये संगणकीय विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. तिच्यात खोटी घाई आहे, आणि आधी कमी भाव दाखवून शेवटी वाढवणेही आहे.

तिसरा नंबर १९३०, फोनवरून वा संगणकावरून पैसे लुबाडले गेल्यास त्वरित कळवण्याचा. हा आकडा आपल्याला पाठ करावा लागणार नाही. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे साल कोण विसरेल?

आता सहलीची निवड. मुंबईहून सहलीची जहाजे निघणे अलीकडे वाढले आहे. २०१८ मध्ये आंग्रिया जहाज मुंबई-गोवा सुरू झाले, २०१९ मध्ये जलेश कंपनीचे कर्णिका आले, २०२१ पासून कॉर्डेलियाने फेऱ्या सुरू केल्या. यातली जलेश कंपनी २०२० मध्ये बंद पडली आणि कर्णिका अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेले. एवढे मोठे जहाजही भंगारात जाते, तेव्हा वर्ष-दोन वर्षे आधी पूर्ण पैसे भरण्याची घाई करू नये.

जाहिरातीतला भाव बहुधा एका माणसाचा असतो, तोही खोलीत दोघे राहतील असे धरून. म्हणजे जोडप्याने तो दुप्पट करायचा. एकट्या राहणाऱ्या भगिनीला त्याच खोलीसाठी एकीच्या भावापेक्षा बरेच जास्त मोजावे लागतात. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क, कर. किनाऱ्यावर उतरून फिरणे, काही खास उपाहारगृहे, इंटरनेट, डॉक्टर यांचे पैसे बहुतेक वेगळे. समजा, भाव तीस हजार सांगितला, तर जोडप्याचे साठ होतात, आणि वरचे धरून ते पाऊण लाखाच्या घरात सहज जातात. म्हणून एकच प्रश्न लेखी विचारा : 'घरून निघून घरी परत येईपर्यंत आमच्या दोघांचे एकूण किती?' दुसरा प्रश्न : 'रद्द केल्यास किती दिवस आधी किती परत?' आणि तिसरा : 'खोली नेमकी कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला?' जहाज मध्यभागी व खालच्या मजल्यांवर कमी हलते. ज्यांना बस लागते त्यांना वरच्या टोकाची महागडी खोली जास्त त्रास देईल. उंची म्हणजे सुख, असे समुद्रावर नसते.

पारख कशी करावी, हे शिकवणारी एक कथा जातकांत आहे, आणि तिच्या नायकाचे नाव आहे सुप्पारक. आपल्या सोपाऱ्याशी जुळणारे हे नाव. भरुकच्छ बंदरातला हा कुशल नावाडी खाऱ्या पाण्याने आंधळा झाला आणि राजाकडे पारखी म्हणून राहिला. राजासाठी आणलेला रथ त्याने हाताने चाचपला आणि सांगितले, की हा पोकळ झाडाच्या लाकडाचा आहे. किमती गालिच्यावर हात फिरवून, तो उंदराने कुरतडल्याची जागा दाखवली. पुढे व्यापाऱ्यांनी याच आंधळ्याला आपल्या जहाजाचा नायक केले. त्याला विकणाऱ्याचा झगमगाट दिसत नव्हता, म्हणून तो फसला नाही. आपण डोळस माणसांनी निदान फोन ठेवून, कागद हातात घेऊन, तो चाचपून पाहावा.

कागदाचे महत्त्व बाबासाहेबांच्या चरित्रातही दिसते. १९१७ मध्ये ते विलायतेहून परतले, तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट बुडवली गेली. अमोल पुस्तके समुद्रात गेली. परंतु सामान टॉमस कुक कंपनीमार्फत रीतसर पाठवलेले होते, म्हणून सहाशे रुपये भरपाई मिळाली, आणि बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च त्यातूनच भागला. पावती, अटींचा कागद आणि प्रवासाचा विमा या तीन वस्तू म्हणूनच बाल्कनीच्या आधी पाहाव्यात.

राहिला पैशाचा प्रश्न. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, आणि चौथा आपत्काळासाठी. सहलीचा खर्च पहिल्या भागातून व्हावा. फंड आणि ग्रॅच्युइटी हा निवृत्तांचा चौथा भाग आहे. त्याला हात लावून किंवा हप्त्याने कर्ज काढून जहाजावर चढू नये. पहिला भाग आज अपुरा असेल तर वर्षभर साठवा. तोवर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रो बोटीतून खाडी ओलांडून पाहा, पोटाला लाटा सोसतात की नाही तेही कळेल.

तर भगिनी, सहल रद्द करू नका, घाई रद्द करा. दोन कंपन्यांचे लेखी भाव मागवा, मुलासोबत बसून ओळ न् ओळ वाचा, आणि पती-पत्नी दोघांचे एकमत होईल त्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करा. त्या वेळी बोलणार तुम्ही आणि ऐकणार ते. जहाज सुटेल तेव्हा डेकवरून किनाऱ्याकडे पाहा. उत्तरेला कुठेतरी आपले सोपारे आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच सापडला. पूर्ण नावाचा सोपाऱ्याचा व्यापारी याच पाण्यावरून जहाजे नेत असे, आणि सहप्रवाशांच्या तोंडून बुद्धवचन ऐकून तथागतांना शरण गेला, अशी कथा आहे. समुद्र आपल्याला परका नाही. आपल्या पैशाने, आपल्या वेळी, आपल्या मर्जीने जा.

सविनय जयभीम!