मालविका ओळखीची, प्रभावती परकी

वऱ्हाडाला नायिकांची वाण कधीच नव्हती. रुक्मिणी कौंडण्यपूरची. दमयंती, इंदुमती आणि लोपामुद्रा याही विदर्भाच्याच राजकन्या. अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाला येणाऱ्याला रुक्मिणीहरणाची कथा सांगावी लागत नाही, आणि वर्धेकाठच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा लेकीबद्दलची माया वाटेवरच्या गावागावांत दिसते. ही माया खरी आहे, ती राहावीच. पण या कथांचा शेवट सारखाच असतो. लेक विदर्भात जन्मते, लग्न होऊन दूर जाते आणि तिच्यासोबत गोष्टही आपल्या मुलखातून निघून जाते. जी सून म्हणून इथे आली, विधवा झाली आणि राज्य सांभाळत इथेच राहिली, त्या प्रभावतीगुप्तेचे नाव मात्र आपल्या तोंडी नाही.

कालिदासाची मालविका तिच्यासमोर उभी करून पाहा. ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकाची ही नायिका विदर्भाची राजकन्या. भाऊ माधवसेन कैदेत पडतो, वाटेत लुटारू गाठतात आणि ती विदिशेच्या धारिणी राणीकडे दासी म्हणून पोहोचते. ती नृत्य शिकते, राजा अग्निमित्र तिच्यावर भाळतो, राणी तिला तळघरात कोंडते. आपण कोण हे ती स्वतः सांगत नाही. विदर्भाहून आलेल्या दोन मुली तिला ओळखतात तेव्हा कुठे तिचे कूळ उघड होते. तिकडे अग्निमित्र विदर्भाचे दोन भाग करतो आणि वरदा म्हणजे आपली वर्धा नदी हद्द ठरवतो. माहेरची वाटणी होते, त्यात तिचा शब्द कुणी विचारत नाही. शेवटी धारिणीच तिचा हात राजाच्या हाती देते.

आता प्रभावती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची आणि कुबेरनागेची ही मुलगी वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती. नवरा लवकर गेला, मुले लहान होती. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून तिने राज्याचा गाडा हाकला. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे आणि त्यात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा, मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आल्यानंतरच्या एकोणिसाव्या वर्षाचा. रामगिरिस्वामी या देवाच्या पायांपाशी दिलेले हे दान. एक शेत, त्यावरचे घर आणि शेतकऱ्यांची चार घरे तिने दिल्याची त्यात नोंद आहे. मुलगा राजा असतानाही दानपत्र आईच्या नावाने निघते. शिवाय ती आपले गोत्र धारण असे सांगते. हे तिच्या माहेरचे, गुप्तांचे गोत्र, वाकाटकांचे विष्णुवृद्ध. वंशावळही ती गुप्तांपासून सुरू करते. सासरच्या राज्यात बसून माहेरची ओळख तिने तांब्यावर कोरून ठेवली. नंदिवर्धन म्हणजेच आजच्या नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्राही मिळाली आहे.

बहुतेक अभ्यासक कालिदासाला चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात. म्हणजे रंगमंचावर विदर्भकन्या मुकाट्याने उभी होती त्याच सुमाराला खऱ्या विदर्भात एक बाई हुकूम काढत होती. मालविकेवर राग धरण्याचे कारण नाही, ती कवीची निर्मिती आहे आणि सुंदर आहे. मात्र बाईचे आयुष्य लग्नाशी संपते असे तिच्या कथेवरून कुणी शिकत असेल, तर त्याला उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या तांब्यात आहे.

प्रभावतीमागे बापाचे बळ होते, तिच्या कारभारावर गुप्तांची छाया होती, ती मुलाच्या नावाने राज्य करत होती, असा आक्षेप येतो. यातले काही खोटे नाही. पण बापाचे बळ अनेक राजकन्यांना होते, आणि कोवळ्या मुलांचे राज्य तेराव्या वर्षापर्यंत तरी टिकवणे हे बापाच्या नावावर होत नाही. तिच्या हातात खरोखरच राज्य होते, म्हणूनच तिचा ताम्रपट बोलतो.

रिद्धपूर आज मराठी भाषा विद्यापीठाचे गाव आहे. कवयित्री महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले तेही याच रिद्धपूरच्या परंपरेत. त्याच गावात प्रभावतीचा ताम्रपट मिळाला. तेव्हा तिथे त्याची प्रतिकृती, मराठी अर्थासह, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी लागली पाहिजे. अमरावती आणि अकोल्याच्या शाळांत स्थानिक इतिहासाचा एक तास तिच्यासाठी असला पाहिजे. अकोल्याला तर हे अधिकच लागू, कारण वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेचे वत्सगुल्म म्हणजे वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. वऱ्हाडातल्या मुलीला रुक्मिणी जशी घरातली वाटते तशीच प्रभावतीही वाटली पाहिजे. पळून जाण्याचे धैर्य तिने रुक्मिणीकडून घ्यावे, आणि राहून कारभार हाती घेण्याचे धैर्य प्रभावतीकडून.