कॉम्प्युटर म्हातारा झाला नाही, त्याला म्हातारा ठरवलंय!

परवा गावातल्या शाळेची कॉम्प्युटर लॅब बघायला गेलो. दहा मशीन, आठ-नऊ वर्षांपूर्वीची, ठणठणीत. पण दुरुस्तीवाल्याने सरांना सांगून ठेवलंय, "यावर विंडोज ११ बसत नाही, भंगारात काढा." सरांनी नव्यांचं कोटेशनसुद्धा मागवलंय!

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, खरंय. पण त्या दिवशी कुणाचं मशीन बंद पडलं नाही, सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आता मला सांगा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह पोरांच्या मराठी टायपिंगला कमी पडतो का? कंपनी म्हणते, सुरक्षेसाठी. असेल. मग युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज केल्यावर तिथल्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष अपडेट फुकट कसे मिळाले? आपल्याला मात्र पैसे भरा, नाहीतर रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर सेटिंग्ज क्लाउडवर चढवा. आपल्याकडून कुणी ओरडलंच नाही, तर मिळणार कसं?

नवं विंडोज दिसायला देखणं आहे, खोटं कशाला बोलू. स्टार्ट बटण मधोमध, खिडक्यांच्या कडा गोल. पण होम आवृत्ती लावतानाच इंटरनेट आणि कंपनीचं खातं मागते. मशीन माझं, पैसे माझे, आणि हजेरी लावायची दुसऱ्याच्या वहीत! खास नव्या मशीनसाठी २०२४ मध्ये जाहीर केलेलं 'रिकॉल' तर सतत स्क्रीनचे फोटो काढून ठेवणारं. टीका झाली तेव्हा कुठे ते वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं.

मग एका मशीनवर पेनड्राइव्हने लिनक्स मिंट चालवून बघितलं. आधी न बसवता, मग बसवून. पैसे शून्य. सोबत फायरफॉक्स आलाच. त्यात टॅब आता डावीकडे उभे लावता येतात, रुंद स्क्रीनवर फार सोयीचं पडतं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिनही त्यात पूर्ण चालतं. क्रोममध्ये आता त्याची हलकी आवृत्तीच उरलीय. शाळेच्या मशीनवर जुगाराच्या जाहिराती कशाला हव्यात?

अडचण आली ती श्रीलिपीतल्या जुन्या फायलींची. उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसता कचरा. त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. पण हे दुखणं लिनक्सचं नाही, आपण वर्षानुवर्षं युनिकोड टाळलं त्याचं आहे.

केरळच्या सरकारी शाळा कधीपासून लिनक्सवर शिकतायत. सी-डॅकने स्वतःचं बॉस लिनक्स बनवलं, त्या सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात! आणि आपले पंचायत समितीचे मेंबर? नव्या मशीनसोबत फोटो काढायला तयार बसलेत. त्यांना एकच विचारा, जुन्या दहा मशीनमध्ये नेमकं काय बिघडलंय ते लेखी द्याल का?

सरांनी कोटेशन पंधरा दिवस थांबवलंय. उरलेली नऊ मशीन शनिवारी करायची आहेत. पेनड्राइव्ह घेऊन कोण येतंय?