ट्यून केलेली कार खरंच 'फॅक्टरी रीसेट' होते का?

कॅलिफोर्नियात १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये इंजिनच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरही तपासतात. मंजुरी नसलेलं ट्यून सापडलं की गाडी नापास. त्यामुळे स्पोर्ट्स कारवाले ईसीयू पुन्हा मूळ स्थितीत आणतात.

बॅटरी काढून ठेवल्याने ट्यून जात नाही. ते फ्लॅश मेमरीत असतं. मूळ फाइलच परत फ्लॅश करावी लागते. तपासणीत सॉफ्टवेअरचा चेकसम, म्हणजे सीव्हीएन, कंपनीच्या आकड्याशी जुळवतात. मूळ फाइल टाकली की तो जुळतो. पण फ्लॅशिंगनंतर गाडीच्या सेल्फ-टेस्ट शून्यावर येतात. त्या पूर्ण होईपर्यंत गाडी चालवावी लागते, नाहीतर चाचणीत अडकाल.

इतिहास मात्र पुसला जात नाही. काही ईसीयूत फ्लॅश काउंटर असतो. अमेरिकेत ऑडी-फोक्सवॅगनच्या डीलरला ट्यून सापडलं, तर वॉरंटी रेकॉर्डवर 'टीडी१' अशी नोंद होते. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते, गाडीत नाही. सॅमसंगचं नॉक्स एकदा ट्रिप झालं की रीसेटने परत येत नाही, तसंच हे.

माझ्या मते खरा धोका सेकंड-हँड घेणाऱ्याला आहे. इंजिन किती पिळलंय, हे मूळ फाइल सांगत नाही. 'गाडी स्टॉक आहे' यावर विसंबू नका. आधी डीलरकडून वॉरंटी रेकॉर्ड तपासून घ्या.