दहावीच्या आधी सांगा : हजीरा पट्ट्यातील कामगार कुटुंबांच्या मुलांच्या आरोग्य-शिक्षणाविषयी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सुरत;
मा. सचिव, आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग, गुजरात शासन;
हजीरा औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांच्या सीएसआर समित्या.
प्रत : वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन.

महोदय,

हजीरा, मोरा, कवास, दामका, सुवाली, इच्छापोर या भागात राहणाऱ्या मराठी भाषिक कामगारांची ही संघटना आहे. आमच्यातले बहुतेक जण धुळे, नंदुरबार, जळगावकडचे. कोणी आधी उधना-पांडेसऱ्यात लूमवर होता, मग इकडे आला. कोणी थेट पोलाद, खत, वायू नाहीतर बंदराच्या कामावर ठेकेदारामार्फत लागला. हजेरी, पीएफ, ओव्हरटाइम यांच्या मागण्या आम्ही वेळोवेळी मांडतो आणि पुढेही मांडू. हे पत्र मुलांसाठी आहे. नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट व्हायचे असे म्हणणारी मुले-मुली आमच्या चाळींत पुष्कळ आहेत. त्यांतली बरीचशी अडकतात ती गुणांवर नाहीत. कोणती वाट कुठून सुटते हे त्यांना बारावीनंतर कळते. तोवर तिच्यावर चढायचा फाटा मागे पडलेला असतो.

तो फाटा दहावीनंतर लागतो. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागते, खुल्या वर्गाला किमान 45 टक्के. डी.फार्मला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर बायोलॉजी किंवा गणित चालते. दोन वर्षांनंतर 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरे केल्याशिवाय फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. फिजिओथेरपीला सायन्स हवेच. जनरल नर्सिंग, म्हणजे जीएनएम, मात्र तीन वर्षांचा आणि कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला, इंग्रजी असले आणि 40 टक्के असले म्हणजे झाले. ऑक्झिलरी नर्सिंग व मिडवायफरी, म्हणजे एएनएम, दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. आमच्या वस्तीत या पाच ओळी तोंडपाठ असलेला माणूस शोधून सापडत नाही. सायन्सचे क्लास परवडत नाहीत म्हणून मुलगी कॉमर्सला जाते, बारावीनंतर नर्सिंगची चौकशी करते, "बायोलॉजी नाही, चालणार नाही" असे ऐकून घरी येते. जीएनएमचा दरवाजा तिच्यासाठी उघडा असतो, पण तो तिला कोणी दाखवलेला नसतो.

मग तिच्या हातात दुसरेच पत्रक येते. आमच्याकडे अशी पत्रके जमा आहेत. मागितलीत तर दाखवू. "सहा महिन्यांत नर्सिंग. दहावी पास-नापास. शंभर टक्के नोकरी. फी हप्त्याने." कोर्स संपल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का असतो, आयएसओचा क्रमांक असतो, कधी तर परदेशी वाटावे असे नावही असते. गुजरात नर्सिंग कौन्सिलचा उल्लेख मात्र कुठेच नसतो. असे प्रमाणपत्र घेऊन मुलगी छोट्या दवाखान्यात लागते, पांढरा कोट घालते, लोक तिला सिस्टर म्हणतात. ती सलाइन लावते, इंजेक्शन देते. काही बिघडले तर बोट तिच्याकडे वळते, आणि नर्सच्या सरकारी भरतीची जाहिरात निघाली की नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात तिला लिहायला काही नसते.

या बाबतीत कायदा सरकारच्या हातात आहे. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, 2021 ने मोजपट्टी ठरवून दिली आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचे शिक्षण हवे. आरोग्यसेवा व्यावसायिकाला तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तास. आम्ही वकील नाही, पण भागाकार आम्हालाही येतो. रोज सहा तास शिकवले आणि रविवारचीसुद्धा सुट्टी दिली नाही, तरी सहा महिन्यांत हजार-अकराशे तासांच्या पुढे कोणी जात नाही. तेव्हा सहा महिन्यांत "टेक्निशियन" करून देणारा या मोजपट्टीत बसू शकत नाही. नर्सिंगचा कायदा वेगळा, 1947 चा नर्सिंग कौन्सिल अधिनियम आणि त्यानंतरचा 2023 चा राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग अधिनियम. पण तिथेही नोंदणीवाचून नर्स होता येत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी. सुरत जिल्ह्यातील मान्यताप्राप्त नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी आणि लॅब टेक्निशियन संस्थांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाने दरवर्षी गुजराती, मराठी, हिंदी व उडिया भाषांत काढावी. प्रत्येक संस्थेपुढे कोर्सचे नाव, मुदत, बारावीची अट, मंजूर जागा, शुल्क आणि ती कोणत्या रुग्णालयाशी जोडली आहे एवढे लिहावे. ही यादी नववी-दहावीच्या वर्गात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे, तीही दहावीचा निकाल लागायच्या आत. संकेतस्थळावर टाकून मोकळे होऊ नये. यादीत नसलेल्या संस्थेने "नर्सिंग" हा शब्द वापरून प्रवेश घेतला तर तक्रार कोणाकडे करायची, तेही त्याच कागदावर छापावे.

एक खुलासा इथेच करतो, नाहीतर आम्ही सगळ्याच लहान कोर्सच्या विरोधात आहोत असे होईल. जनरल ड्यूटी असिस्टंटसारखे कौशल्य कोर्स खरे आहेत आणि उपयोगाचे आहेत. रुग्णाला कूस बदलून देणे, अंग पुसणे, नाडी-ताप टिपणे ही कामे हलकी नाहीत. जून 2021 मध्ये केंद्र सरकारने कोविडसाठी सहा प्रकारच्या कामांचे जलद प्रशिक्षण काढले, एक लाख जणांना तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण असा कोर्स केलेल्या मुलाला पुढची पायरी दिसत नाही. असिस्टंट झालेला मुलगा काम करता करता जीएनएमपर्यंत कसा पोहोचेल, हे कोणी आखलेच नाही. एएनएम, जीएनएम, मग दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही शिडी नर्सिंगमध्ये आहे. 2018 नंतर उपकेंद्रांवर कम्युनिटी हेल्थ ऑफिसरचे पद आले, ते नर्सलाही मिळते. पहिल्या पायरीखालची पायरी तेवढी जोडून द्या. अशा मुलांसाठी शुल्काचे कर्ज बिनव्याजी असावे, आणि कामावरच्या रुग्णालयाने पाळी लावताना त्यांचा वर्ग सांभाळावा.

आता कारखान्यांविषयी. हजीऱ्यात पोलाद आहे, खत आहे, वायुप्रक्रिया आहे, एलएनजी आहे, बंदर आहे. 24 सप्टेंबर 2020 च्या पहाटे ओएनजीसीच्या प्रकल्पात स्फोट होऊन आग लागली, तेव्हा आजूबाजूच्या वस्त्या दचकून उठल्या होत्या. अशा पट्ट्यात भाजलेल्या, वायूने गुदमरलेल्या, उंचावरून पडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कोण हात लावतो, यावर पुढचे सगळे ठरते. कारखाना अधिनियम, 1948 ने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यावर प्रशिक्षित माणूस, तसेच 500 हून अधिक कामगारांच्या ठिकाणी रुग्णवाहिका कक्ष सांगितला. नव्या कामगार संहितेतही कक्षाची ही अट आहे. म्हणजे शिकलेल्या हातांची गरज इथेच, फाटकाच्या आत आहे, आणि ते हात तयार करायला जी मुले उत्सुक आहेत ती फाटकाबाहेरच्या चाळीत राहतात.

एखाद्या कारखान्याचे आरोग्य केंद्र डोळ्यांपुढे आणा. कामगार बूथमध्ये बसून हेडफोन लावतो, आवाज आला की बटण दाबतो. पलीकडे दुसरा नाकाला चिमटा लावून नळीत जोराने फुंकतो, पडद्यावर रेघ चढते. पहिली श्रवणाची तपासणी, दुसरी फुफ्फुसांची. दोन्ही करायला माणूस शिकवावा लागतो, आणि चुकीच्या पद्धतीने केल्या तर बहिरेपणा नाहीतर दमा कागदावर उमटतच नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सामुदायिक आरोग्याचा भाग शिकताना औद्योगिक आरोग्य पुस्तकात असतेच. ते त्यांनी हजीऱ्यातच पाहावे. आमची दुसरी मागणी अशी, की मोठ्या कारखान्यांनी आपल्या आरोग्य केंद्रांत सुरतच्या सरकारी व मान्यताप्राप्त नर्सिंग संस्थांच्या विद्यार्थ्यांना देखरेखीखाली ठराविक काळ घ्यावे, आणि अठरा वर्षांवरच्या वस्तीतल्या मुलांना मान्य संस्थेमार्फत प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मोफत मिळवून द्यावे. मुलांना, म्हणजे मुलग्यांनाही. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग पुरुषांना खुले आहे, हे आमच्याच सभासदांना पटवायला आम्हाला जड जाते. त्याचा दोष सरकारवर टाकत नाही.

सीएसआरचा पैसा यासाठी वापरता येतो. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 प्रमाणे पात्र कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची, आणि ती आजूबाजूच्या भागाला प्राधान्य देऊन. अडचण "आजूबाजूचा" कोण, या प्रश्नापाशी आहे. मूळ गावठाणातल्या कोळी-शेतकरी कुटुंबांनी जमिनी दिल्या, खाडी गमावली. त्यांचा हक्क आधीचा आहे आणि आम्हाला त्यातला वाटा नको. पण पंधरा-वीस वर्षे भाड्याच्या रूममध्ये राहणारा कामगार कोणत्याच यादीत येत नाही. गावाच्या यादीत तो बाहेरचा, कंपनीच्या यादीत ठेकेदाराचा. सीएसआरमधून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या अर्जात पाच वर्षांचा भाडेकरार, वीजबिल किंवा मुलाचा इथल्या शाळेचा दाखला रहिवासाचा पुरावा म्हणून धरावा, एवढे सोपे कलम आम्ही मागतो.

मोऱ्याहून मजुरा गेटच्या नवीन सिव्हिल हॉस्पिटलला जायचे तर वीस-पंचवीस किलोमीटर. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला वॉर्डात पहाटेची आणि रात्रीचीही पाळी असते. हॉस्टेल नसेल तर आई-बाप नको म्हणतात, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. कंपन्यांच्या बसगाड्या तिन्ही पाळ्यांना शहरातून हजीऱ्यात येतात आणि परत जातात. त्यांत ओळखपत्र असलेल्या आरोग्य-विद्यार्थ्यांसाठी काही जागा ठेवल्या तर यासाठी वेगळी योजना, निविदा, उद्घाटन काही लागणार नाही.

सर्वांत अवघड भाग कागदपत्रांचा. इथे दोन्ही राज्यांशी बोलायचे आहे. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात निर्णय दिला, तो मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा होता. वडील नोकरीनिमित्त आंध्रातून मुंबईला आले, मुलगा महाराष्ट्रात वाढला, आणि आंध्रातली अनुसूचित जमात महाराष्ट्रात धरता येणार नाही असे ठरले. आमच्या कितीतरी घरांत नेमकी हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. दाखला धुळ्याचा, दहावी-बारावी गुजरात बोर्डाची. इथे जात चालत नाही; तिकडे गेले तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून केली नाही म्हणून राज्याच्या कोट्यात बसत नाही. न्यायालयाचा निर्णय बदला असे आम्ही म्हणत नाही, ते या पत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. गुजरातकडे मागणी एवढीच, की उत्पन्नावर आधारलेल्या शुल्कसवलतीला जातीच्या दाखल्याची अट जोडू नये. महाराष्ट्राकडे मागणी थोडी मोठी आहे. कर्नाटकशी वाद असलेल्या सीमाभागातल्या 865 गावांच्या मराठी भाषिक उमेदवारांसाठी महाराष्ट्राने आरोग्य-शिक्षणात जागा राखल्या आहेत. हजीरा हा वादग्रस्त प्रदेश नाही आणि आम्हाला तसा वाद नकोही. पण नोकरीसाठी राज्याबाहेर गेलेल्या, महाराष्ट्राचा अधिवास दाखला असलेल्या कामगारांच्या मुलांना धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या सरकारी नर्सिंग आणि पॅरामेडिकल संस्थांत दहावी-बारावीच्या अटीतून सूट द्यायला काय हरकत आहे, याचे लेखी उत्तर हवे.

भाषेचेही थोडे बोलतो. आमचे पोर घरी अहिराणी बोलते, शाळेत मराठी किंवा गुजराती, दुकानात हिंदी. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात, हे या शहराचे वैभव आहे. वॉर्डात नंदुरबारचा, गंजामचा आणि आझमगढचा रुग्ण शेजारी शेजारी पडलेला असतो, तिथे अशा बहुभाषी नर्सची किंमत कळते. मात्र शरीररचनेचे पुस्तक इंग्रजीत उघडले की तीच मुलगी पहिल्या सहामाहीत गळते. बारावीच्या परीक्षेनंतर निकालापर्यंतच्या सुट्टीत वैद्यकीय इंग्रजीचा मोफत वर्ग इच्छापोर आणि मोरा इथे भरवावा. शिकवायला निवृत्त परिचारिका मिळतील. दोघींनी आमच्याकडे तयारी दाखवली आहे. खोली आणि फळा द्या.

या मागण्यांपैकी यादीची आणि वर्गाची मागणी यंदाच पुरी होऊ शकते, तिला खर्च नगण्य आहे. बससाठी कारखान्यांची आणि आमची एक बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावी. आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षणासाठी नर्सिंग कौन्सिल, कारखाना निरीक्षक आणि कंपन्या यांची समिती नेमून तिला तीन महिन्यांची मुदत द्यावी; समितीत वस्तीतल्या पालकांचा एक प्रतिनिधी असावा आणि समितीची सभा रविवारी ठेवावी, कारण आठवड्याच्या दिवशी आमची हजेरी कापली जाते. आमच्याकडे जमा झालेली पत्रके आणि पावत्या मागाल त्या दिवशी कार्यालयात आणून देऊ. मात्र ज्या मुलींनी पैसे भरले आहेत त्यांची नावे चौकशीत उघड होणार नाहीत, असे आधी लेखी द्यावे.

आपले,
हजीरा पट्ट्यातील मराठी भाषिक कामगार व पालक